फुगोबा फुटत नाही

१

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ जळते दिवस, लागला की नागपुरात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मनीषनगरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातही ऊन गॅलरीत शिरायच्या आत खिडक्या लागत, पडदे ओढले जात, कुलरमध्ये पाणी भरलं जाई, आणि मग सांज होईपर्यंत सगळं घर वाळ्याच्या वासात आणि कुलरच्या घरघरीत बुडून राही. रविवारची दुपार तेवढी वेगळी. त्या दिवशी अंकुशला सुट्टी असे आणि घरात भुतं मारली जात.

अंकुश कळमेश्वरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. दिवसभर यंत्रांच्या गोंगाटात राहूनही त्याचा स्वतःचा आवाज कधी चढलेला कोणी ऐकला नव्हता. त्याचं आणि त्याची बायको मेघा हिचं जमलं तेच मुळी ‘भूतपकड’ या व्हिडिओ गेमवर. एका मित्राकडे दोघं शेजारी बसून खेळले होते आणि मेघाने त्याला हरवलं होतं. साधा, हसवणारा खेळ. एका घरात भुतं लपलेली असायची, त्यांना थापीने बडवायचं, आणि प्रत्येक भूत काहीतरी वात्रट बोलून फाटकन फुटायचं. आतून मुरमुरे उडायचे. सगळ्यांचा लाडका फुगोबा: हिरवा, गोल, एकच दात, गळ्यात बो.

या उन्हाळ्यात त्याचा दुसरा भाग आला. त्यात टीव्हीसमोर बसून खेळायचं नव्हतं. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला की आपलंच घर जसंच्या तसं दिसे आणि त्यात भुतं हिंडत असत. दिवाणाखाली एक, फ्रीजवर एक. हातात प्लॅस्टिकची थापी. खेळणाऱ्याला जे दिसे ते टीव्हीवरही उमटे, म्हणून बाकीच्यांनाही मजा. थापी चुकून घरातल्या कोणाला लागू नये यासाठी एक सोय होती. जिवंत माणूस समोर आला की त्याच्या अंगाभोवती पिवळी रेघ उमटे.

मेघाच्या सासूबाई, सिंधूताई, टीव्हीसमोर बसून मनसोक्त हसत. सासरे गोपाळराव जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मास्तर. तरुणपणी ते गावोगाव फिरून लिंबातून रक्त काढून दाखवत आणि मग त्यातलं रसायन समजावून सांगत. त्या घरात बुद्धवंदना होत असे, पण भूत हा शब्द फक्त चेष्टेत यायचा. गोपाळरावांना तर हा खेळ पसंतच होता. भुताले पोरं हसून राहिले, याच्याहून मोठं प्रबोधन कोणतं, असं ते म्हणत.

मेघा फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे हलवायचं तिचं काम, म्हणून तिची नजर टीव्हीवर कमी आणि अंकुशच्या हातावर जास्त असे. हवेत मारलेला हात एकदम थांबत नाही. तो पुढे वाहत जातो आणि मग खांद्यामागचे स्नायू त्याला आवरतात. त्या रविवारी अंकुशने दिवाणाजवळच्या कोपऱ्यात फुगोबाला थापी मारली आणि त्याचा हात अध्येच थांबला. हिसका मनगटातून कोपरात आणि कोपरातून खांद्यात चढलेला तिने स्पष्ट पाहिला.

त्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. भिंत चांगली हातभर मागे होती.

२

थापीत मोटर असते, तिचा धक्का बसत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. तिने थापी हातात घेऊन पाहिली. मोटर होती, पण मोबाईल थरथरावा तेवढीच.

पुढच्या रविवारी तिने टीव्हीकडे नीट लक्ष दिलं. फ्रीजवरचा फुगोबा एका फटक्यात फुटला. बाथरूमच्या दारातला फुटला. कोपऱ्यातला फुटला नाही. अंकुशने चार-पाच फटके दिले, फुगोबा दर वेळी खुदकन हसून ‘गुदगुल्या!’ म्हणाला आणि तिथेच राहिला. त्याच्याभोवती पिवळी रेघ होती.

अंकुशलाही ते खटकलं, पण खेळणाऱ्याला खटकावं तसं. कोपऱ्यातला फुटल्याशिवाय ‘घर साफ’ ही पाटी येत नव्हती.

गोपाळराव उठून टीव्हीजवळ गेले, आपला वाचायचा चष्मा पुसला आणि म्हणाले की मशीन पडद्याला माणूस समजत असेल. पडदा काढला. रेघ तशीच. मग ते म्हणाले की ती पश्चिमेची भिंत, दुपारी तापते, मशीन अंगाच्या उष्णतेवर चालत असेल. हे सगळ्यांना पटलं. मेघालाही पटवून घ्यायचं होतं.

तरी खात्री करावी म्हणून ती स्वतः जाऊन त्या कोपऱ्यात बसली. तिला काही जाणवलं नाही. गार फरशी, कुलरचा वारा, बस्स. पण समोर टीव्हीवर तिच्या अंगाभोवतीची रेघ आणि ती दुसरी रेघ एकमेकींत गुंतल्या होत्या. चष्म्याआडून अंकुश हसत म्हणाला, “फुगोबाच्या मांडीवर बसली वं तू.”

ती झटकन उठली. सिंधूताई हसल्या. मेघाही हसली, पण त्यानंतर दिवाणावर बसताना ती त्या कोपऱ्याकडे पाठ करेनाशी झाली.

३

मग अंकुशने थापी बदलली.

प्लॅस्टिकची थापी हलकी पडते, जोर लागत नाही, असं त्याचं म्हणणं. थापीच्या मुठीवर एक कडं होतं, त्यावरून खेळाला थापी कुठे आहे ते कळे. ते कडं मनगटात अडकवायच्या पट्ट्यासकट काढून त्याने आपल्या जुन्या क्रिकेटच्या बॅटवर चढवलं. आता रविवारची वाट पाहणंही सुटलं. कंपनीची बस संध्याकाळी त्याला नाक्यावर सोडे. तो घरी येई, हातपाय धुवायच्या आधी चष्मा चढवी आणि सरळ कोपऱ्यात जाई. बाकीच्या भुतांकडे तो पाहतही नसे.

बॅटचा आवाज येऊ लागला. गच्चीवर ओली सतरंजी वाळत घालून काठीने झोडपावी, तसा. हवेतून असा आवाज यायला नको होता. टीव्हीवर फुगोबा खिदळे, मुरमुरे उडाल्याची धून वाजे, आणि तिच्या आडून तो ओला धप्प धप्प. एका संध्याकाळी त्यात वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज आला. अंकुश क्षणभर थांबला, आणि मग आणखी जोरात मारू लागला. सिंधूताई त्या दिवसापासून टीव्हीसमोर बसेनाशा झाल्या. आपल्याला गरम होतं म्हणून त्या स्वयंपाकघरात जात. तिथे हॉलपेक्षा जास्त गरम होत असे.

दुसऱ्या दिवशी झाडताना त्यांना कोपऱ्यात दात सापडला. मोठ्या माणसाची दाढ, मुळासकट. त्यांनी ती तळहातावर घेऊन घरातल्या सगळ्यांना दाखवली. गोपाळराव म्हणाले की आपले तर सगळे डबीत आहेत, आपल्यावर आळ घेऊ नका. बिल्डिंग बांधणाऱ्या मजुरांपैकी कोणाची तरी असेल, फरशीच्या फटीतून वर आली असेल, असं म्हणून त्यांनी ती कचऱ्यात टाकली. मेघाने नंतर हळूच डबा उघडून पाहिलं. मुळाला लागलेलं रक्त अजून लाल होतं.

त्या संध्याकाळी चहा देताना तिला अंकुशचं मनगट दिसलं. चार निळे वळ वर, एक खाली.

“हे काय आहे?”

बॅटच्या पट्ट्याचे वण, तो म्हणाला. ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. पट्ट्याचा वण कसा असतो आणि बोटांचा कसा, हे तिला शिकवायची गरज नव्हती. समोरून कोणीतरी त्याचं मनगट धरलं होतं. मारायला उगारलेला हात धरतात तसं.

“तुले काय दिसते तिथं?” तिने विचारलं.

“फुगोबा.”

“आणि मारल्यावर?”

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, “हसते तो. जितकं मारावं तितकं हसते. मले थांबवतच नाही, मेघा.”

ती उठली आणि तिने टीव्हीखालचा चष्मा उचलला. हा उद्या परत जाईल, ती म्हणाली. अंकुश तिच्यापाशी आला. त्याने तिची बोटं एकेक करून चष्म्यावरून सोडवली. शेवटचं करंगळीशेजारचं बोट सुटेना, तर त्याने ते मागे वाकवलं. ती कळवळली तेव्हा त्याने चष्मा ताब्यात घेतला होता आणि तो तिच्या चेहऱ्याकडे असा पाहत होता, जणू ती आता काहीतरी गमतीदार बोलणार आहे.

४

अंकुश कामावर गेला की चष्मा कपाटाच्या वरच्या खणात असे. मेघाच्या क्लिनिकला दुपारची सुट्टी असे. त्या दिवशी गोपाळराव सकाळीच जरीपटक्याला एका नातेवाइकाच्या भेटीला गेले होते. सिंधूताई स्वयंपाकघरात पन्ह्यासाठी कैऱ्या भाजत होत्या. मेघाने चष्मा काढला, टीव्ही लावला आणि खेळ सुरू केला. ती स्वतःला सांगत होती की आपण एक बिघडलेलं यंत्र तपासतो आहोत.

हॉल होता तसाच दिसला, जरा फिकट. धून वाजू लागली. कोपऱ्यात फुगोबा बसला होता, बसल्या जागी हलके उसळत. ‘पकड मला, पकड मला!’ तो बाळबोबड्या आवाजात म्हणाला.

पण पिवळी रेघ त्याच्या गोल अंगाभोवती नव्हती. फुगोबाच्या बाहेर, त्याला घेरून, ती आपल्याच वेगळ्या आकारात गेली होती. गुडघे पोटाशी. मान खाली. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली उतरलेला, आणि त्याची गोलाई जाऊन कंगोरा आलेला. असे खांदे मेघाने पुष्कळ पाहिले होते.

ती गुडघ्यांवर बसली आणि तिने हात पुढे केला.

हात लागला. तापलेलं, घामेजलेलं कातडं. हाडकुळा दंड, त्यावर केस. कोणीतरी तोंडाने धापा टाकत होतं, ती हवा तिच्या मनगटावर येत होती.

तिने दुसऱ्या हाताने चष्मा कपाळावर सरकवला. कोपरा रिकामा. दंडावर टेकलेला हात आधार गेल्यासारखा खाली पडला. तिने चष्मा पुन्हा खाली ओढला, आणि दंड होता तिथेच होता.

घाबरून पळून जाण्याइतका वेळ होता. पण तिच्या बोटांनी त्यांचं रोजचं काम सुरू केलं होतं. गळ्याजवळचं हाड मोडलेलं, वरून सूज. बरगड्या तळव्याखाली सुट्या हलत होत्या. ती गालापर्यंत गेली तर गाल जागेवर नव्हता. तिथे बोट नुसतंच आत गेलं. फुगोबा तिच्याकडे पाहून एका दाताने हसत होता आणि डोळे मिचकावत होता. या सगळ्याला अंकुशचे हात कारण होते. त्याच हातांनी तो तिला रविवारी सकाळी तर्री-पोहे वाढत असे.

खांदा उतरून किती दिवस झाले असतील, तिने विचार केला, आणि मग तिने तेच केलं जे तिने डॉक्टरांना करताना पाहिलं होतं. कोपर धरलं, अंगाशी टेकवलं, आणि हात सावकाश बाहेरच्या बाजूला वळवत नेला.

“दुखंल थोडं, भाऊ,” ती क्लिनिकमधल्या आवाजात म्हणाली. “सैल सोडा.”

त्याने सैल सोडलं. तिचं बोलणं त्याला कळलं होतं. हाताखाली खट् झालं आणि हाड खोबणीत बसलं. स्पीकरमधून फुगोबा ओरडला, ‘युप्पी!’

५

मग तो उठला.

फुगोबा नाही, रेघ उठली. फुगोबा खालीच राहिला, पोटाच्या उंचीवर लटकल्यासारखा, उसळत. रेघ त्याच्या वर वर गेली, पंख्याच्या पात्यांपाशी थांबली, आणि तिने मान वाकवली. त्या वरच्या भागात खेळाने काही चितारलंच नव्हतं. पिवळ्या रेघेच्या आत फक्त घरची भिंत दिसत होती.

तिच्या डोक्यावर एक हात आला. थोरांनी ठेवावा तसा, हलका. तो तिने बसवून दिलेलाच हात होता. क्षणभर तो तसाच राहिला. मग त्या हाताने तिचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

चष्मा उडाला. ती आडवी पडली. तोंडात रक्ताची चव आली. चष्मा नाही म्हणजे आता काही नाही, हा विचार तिला आला आणि तिला अगदी सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं पडलं.

स्वयंपाकघराचं दार तिच्या समोरच होतं. सिंधूताई फ्रीजला पाठ लावून उभ्या होत्या, पण त्या उभ्या नव्हत्या. त्यांचे पाय फरशीपासून वर होते. मान एका बाजूला कलंडलेली. दोन्ही हात गळ्यापाशी काहीतरी सोडवत होते, आणि तिथे काहीच नव्हतं. मग त्यांचं डोकं फ्रीजवर आपटलं. पुन्हा आपटलं. गॅसवर कैऱ्या करपत होत्या.

मेघाची नजर टीव्हीवर गेली. चष्मा फरशीवर दाराकडे तोंड करून पडला होता, आणि तो कोणाच्याच डोळ्यांवर नसल्यामुळे खेळ थांबला होता. फुगोबा नव्हता. रेघ नव्हती. चष्म्याला जे दिसत होतं, तेवढंच टीव्हीवर होतं. स्वयंपाकघराची फरशी. त्यावर दोन अनवाणी पाय. टाचा फुटलेल्या, नखं काळी, एका पायाची बोटं मोडून आडवी झालेली. आणि त्या पायांसमोर, अधांतरी, सिंधूताईंची पावलं. एकातली चप्पल गळून पडली.

ती रांगत गेली. बॅट दिवाणाला टेकून होती. तिने चष्मा डोळ्यांवर ओढला. धून पुन्हा सुरू झाली आणि स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरा फुगोबा उसळू लागला.

माणूस कुठे मारला की खाली बसतो, हे तिला चांगलंच ठाऊक होतं. तिने पहिला फटका गुडघ्याच्या मागे दिला. ‘गुदगुल्या!’ दुसराही तिथेच. सिंधूताई फरशीवर कोसळल्या. रेघ वळली, तिच्याकडे झेपावली, आणि मेघाने बॅट त्या खांद्यावर घातली. हाड पुन्हा निसटलेलं तिला मुठीत कळलं. ती थांबली नाही. गळ्याचं हाड, बरगड्या, तो जागेवर नसलेला गाल. रेघ गुडघ्यांवर आली, मग कोपरांवर. एक हात वर झाला, थांब म्हणावं तसा, आणि तिने तो हात मारला. फुगोबा डोळे फिरवत होता, गिरक्या घेत होता, ‘अगंबाई, पाठ मोडली!’ म्हणत होता, आणि त्याचा तो अवतार पाहून तिला हसू फुटलं. ते आवरेना. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याची.

हात उचलेनासे झाले तेव्हा ती थांबली. रेघ जमिनीशी सपाट झाली होती. मागून सिंधूताईंचं कण्हणं ऐकू आलं, तिने चष्मा फेकला, टीव्हीची वायर उपटली, गॅस बंद केला. कुलर तेवढा चालू राहिला.

६

सिंधूताईंचा जबडा मोडला होता. गळ्यावर वळ होते, डोक्याला टाके पडले. हॉस्पिटलने नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं. बंद घर, आत सासू आणि सून, सुनेच्या कपाळावर जखम, बॅटला चिकटलेले केस. हवालदाराच्या नजरेत सगळं स्पष्ट होतं. अंकुश आला, त्याने आईकडे पाहिलं, मेघाकडे पाहिलं, आणि तो तसाच घरी गेला. पार्किंगमध्ये त्याने त्या चष्म्याचा चक्काचूर केला आणि मगच परत आला. कॉरिडॉरमध्ये तो मेघाच्या शेजारी बसला आणि तिचं दुखरं बोट हातात धरून रडला.

मेघाने खरं काय ते फक्त गोपाळरावांना सांगितलं. जन्मभर ज्यांनी लोकांना सांगितलं की असं काही नसतं, त्यांच्यापुढे आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. एकतर असं काही असतं, नाहीतर आपल्या सुनेने आपल्या बायकोला मारलं. ते सिंधूताईंच्या खाटेपाशी गेले आणि त्यांनी मेघाला जवळ बोलावलं. तिचा हात घेऊन त्यांनी तो बायकोच्या गळ्यावरच्या वळांवर धरला. तिचं मधलं बोट वळाच्या निम्म्यापर्यंत पोहोचलं. मग त्यांनी स्वतःचा हात ठेवून पाहिला. तोही पुरला नाही.

“मी भूत मानत नाही, पोरी,” ते म्हणाले. “पण हा हात तुझा नाही. एवढं मी मोजलं.”

त्यांनी पोलिसांना सांगितलं की घरात चोर शिरला असावा, सुनेने सासूला वाचवलं. त्यांच्यासारखा माणूस खोटं बोलत नाही हे सगळ्या मनीषनगराला माहीत होतं. हवालदाराने मान डोलावली. मग मेघानेच त्यांना आग्रह केला की कालपासून तुम्ही खुर्चीवर बसून आहात, घरी जा, आंघोळ करा, दोन घास खा. मशीन फुटलं होतं. घरात भिण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. त्यांनी किल्ली घेतली आणि ऑटो करून ते निघाले.

ते गेल्यावर थोड्या वेळाने सिंधूताईंनी डोळे उघडले. त्यांनी बोटाने मेघाला जवळ बोलावलं. जबडा तारांनी बांधलेला. ओठ जेमतेम हलत होते. मेघाने कान त्यांच्या तोंडाशी नेला. तिला वाटलं, पाणी मागतील. किंवा विचारतील की आपल्याला कोणी मारलं.

“तू थांबली काहून वं?” सिंधूताई पुटपुटल्या. “तो हालून राहिला होता.”

मेघा तशीच वाकलेली राहिली. त्या दुपारी सासूच्या डोळ्यांवर कोणताही चष्मा नव्हता, हे तिच्या मनात आपोआप आलं.

“तुमाले दिसला, आई?”

सिंधूताईंनी डोळे मिटले. मिटल्या पापण्यांतून पाणी येऊन कानाकडे वाहिलं.

मेघाने मोबाईल काढला. सासऱ्यांचा नंबर लावला. अंकुश कँटीनमधून चहा घेऊन आला आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून दारातच थबकला. रिंग जात राहिली. मग गोपाळरावांनी फोन उचलला. जिने चढून आल्याने त्यांना धाप लागली होती, पण आवाज नेहमीसारखा शांत होता.

“बाबा, घरात जाऊ नका.”

“गेलोच नाही अजून. कुलूप उघडलं, पण दार लोटल्या जात नाही. आतून कडी लागली आहे. अंकुश परत आला काय घरी?”

अंकुश तिच्यासमोर दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन उभा होता.

“बाबा, तुम्ही खाली या. आत्ताच्या आत्ता खाली या.”

“थांब,” गोपाळराव म्हणाले. “कडी काढून राहिला कोणी.”